'तुर्क' हा शब्द आणि तुर्की संस्कृती : परंपरा व आधुनिकता

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• मराठीतील 'तुर्क' या शब्दाचे जुने व आजचे अर्थ वेगळे करून सांगता येतील.
• तुर्की भाषेची प्रमुख वैशिष्ट्ये मराठीच्या संदर्भात स्पष्ट करता येतील.
• तुर्की लोकजीवनातील परंपरांचा परिचय करून देता येईल.
• १९२८ च्या तुर्की लिपी-सुधारणेची मराठीतील भाषाशुद्धी व मोडी लिपीच्या अस्ताशी तुलना करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मध्ययुगीन मराठी साहित्याचा अभ्यास करताना संत एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' आपण पाहिला असेल. एकनाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. या रचनेतील 'तुर्क' कोणत्या देशाचा, असा प्रश्न तिच्या तत्कालीन श्रोत्यांना पडला नसावा. त्या काळच्या मराठीत 'तुर्क' किंवा 'तुरुक' हा शब्द सर्वसाधारणपणे मुसलमान या अर्थाने वापरला जाई. तो माणूस अरब असो, इराणी असो, पठाण असो अथवा पिढ्यान्‌पिढ्या दख्खनमध्ये नांदणारा असो, त्याला एकच नाव मिळे. एका मानवसमूहाचे नाव अशा रीतीने एका धर्माच्या अनुयायांचे नाव बनले.

भाषेच्या अभ्यासकाला हा अर्थविस्तार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे मूळ समूह दृष्टीआड होतो. ज्यांचे नाव आपण शतकानुशतके उच्चारत आलो, त्या लोकांची भाषा कशी आहे, त्यांची गाणी, खेळ, समजुती आणि घरे कशी आहेत, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. प्रस्तुत घटकात तुर्की संस्कृतीचा परिचय करून घेताना मराठी भाषा आणि आपला परिसर हा आधार मानला आहे.

२. चाकणच्या कोटातील 'आफाकी'

तुर्की लोकांचा आणि महाराष्ट्राचा संबंध शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे चाकण पंधराव्या शतकात बहमनी राज्याचे लष्करी ठाणे होते. बहमनी दरबारात सरदारांचे दोन पक्ष होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेले ते 'दख्खनी', तर समुद्रमार्गे नव्याने आलेले इराणी, अरब व तुर्क ते 'आफाकी' म्हणजे परदेशी. या दोन पक्षांतील वैर हा बहमनी राजकारणाचा स्थायीभाव होता.

पंधराव्या शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुज्जार ही पदवी धारण करणाऱ्या आफाकी सेनापतीने चाकण येथे तळ देऊन कोकणावर मोहीम काढली. शिर्के घराण्यातील एका सरदाराने त्याचे सैन्य घनदाट अरण्यात नेले आणि तेथे त्याचा नाश झाला. वाचलेले आफाकी चाकणच्या कोटात परतले. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरून त्यांना राजद्रोही ठरवले आणि अखेर विश्वासघाताने त्यांची कत्तल केली, असा वृत्तांत फरिश्ता या इतिहासकाराने दिला आहे.

या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मारणारे आणि मरणारे दोघेही मराठी बोलीच्या दृष्टीने 'तुर्क'च होते. परंतु त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने भाषा, देश आणि आगमनाचा काळ यांवरून ते एकमेकांना परके होते. एकाच शब्दाखाली किती भिन्न माणसे झाकली जातात, याचे हे आपल्या परिसरातील उदाहरण आहे.

पुढे याच चाकणच्या संग्रामदुर्गाला १६६० मध्ये शायिस्ताखानाने वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा याने तो सुमारे दोन महिने झुंजवला. शायिस्ताखान ज्यांचा सेनापती होता ते मोगल बादशहा तैमूरचे वंशज होते. मोगल सत्तेचा संस्थापक बाबर याने आपले आत्मचरित्र चगताई तुर्की भाषेत लिहिले. पुढील पिढ्यांत मात्र मोगल दरबाराची भाषा फारसी झाली. म्हणूनच तुर्की शब्द मराठीत बहुधा फारसीच्या मार्गाने आले.

३. मराठीतील तुर्की शब्द आणि तुर्कीतील ओळखीचे शब्द

येथे दोन प्रकारांत भेद करणे आवश्यक आहे.

(अ) मूळ तुर्की शब्द : तोफ, कैची, कुमक, कनात, चकमक, बेगम, उर्दू हे शब्द मूळचे तुर्की समजले जातात. 'उर्दू' चा मूळ अर्थ लष्कराची छावणी असा आहे. या यादीतील बरेचसे शब्द युद्ध, तळ आणि हत्यारे यांच्याशी निगडित आहेत. दोन समाजांची भेट कोणत्या निमित्ताने झाली, हे उसन्या शब्दांवरून कळते. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी असे होते. 'रूमी' म्हणजे रूमचा, अर्थात आजच्या तुर्कस्तानच्या बाजूचा.

(आ) दोन्ही भाषांनी घेतलेले अरबी-फारसी शब्द : काही शब्द मराठीतही आहेत आणि तुर्कीतही आहेत, परंतु ते मूळचे दोन्हीपैकी एकाही भाषेचे नाहीत. त्यांचे अर्थ मात्र निरनिराळ्या दिशांनी गेले. आपले 'दप्तर' तुर्कीत 'देफ्तेर' होते आणि त्याचा अर्थ वही असा आहे. आपण 'हजर' म्हणजे उपस्थित म्हणतो, तर तुर्कीतील 'हाझिर' म्हणजे तयार. आपला 'मुसाफिर' प्रवासात असतो, पण तुर्कीतील 'मिसाफिर' हा घरी आलेला पाहुणा असतो. 'तारीख' या शब्दाला आपण दिवसापुरते मर्यादित ठेवले. तुर्कीत 'तारिह' म्हणजे दिनांकही आणि इतिहासही.

(इ) '-ची' हा प्रत्यय : मशालची, तोपची, नगारची, खजांची या शब्दांतील '-ची' हा तुर्की प्रत्यय आहे. एखादे काम करणारा, असा त्याचा अर्थ. मराठीतील षष्ठीच्या 'ची' या प्रत्ययाशी ('घराची', 'गावाची') त्याचा काहीही संबंध नाही. आजच्या तुर्कीत हा प्रत्यय जिवंत असून तो कधी 'जी', तर कधी 'ची' असा उच्चारला जातो. चहा विकणारा तो 'चायजी', वृत्तपत्राचा व्यवसाय करणारा तो 'गाझेतेजी', मासे विकणारा तो 'बालिकची'.

४. तुर्की भाषेची ठेवण

तुर्की ही इंडो-युरोपीय कुळातील भाषा नाही, त्यामुळे मराठी, फारसी व इंग्रजी यांच्याशी तिचे जन्माचे नाते नाही. ती प्रत्ययांची साखळी जोडणारी भाषा आहे. 'एव' म्हणजे घर, 'एवलेर' म्हणजे घरे, 'एवलेरिम' म्हणजे माझी घरे आणि 'एवलेरिमदे' म्हणजे माझ्या घरांमध्ये. मूळ शब्द न बदलता प्रत्येक प्रत्यय एकेका अर्थाची भर घालतो. प्रत्ययातील स्वर शब्दातील स्वराशी जुळवून घेतो. म्हणून 'एव'चे अनेकवचन 'एवलेर' होते, पण 'किताप' (पुस्तक) याचे 'कितापलार' होते. यास स्वरसंवाद म्हणतात.

कुळ भिन्न असूनही मराठी भाषकाला काही गोष्टी जवळच्या वाटतील. वाक्यात क्रियापद शेवटी येते. तसेच स्वतः पाहिलेली घटना आणि ऐकीव घटना यांसाठी तुर्की क्रियापदाची रूपे वेगळी आहेत. 'गेल्दी' म्हणजे 'तो आला' (मी पाहिले), तर 'गेल्मिश' म्हणजे 'तो आला म्हणे'. जे काम मराठीत 'म्हणे' हा छोटा शब्द करतो, तेच तुर्कीत प्रत्यय करतो. तुर्की लोककथेचा आरंभही याच ऐकीव रूपात होतो. आपल्या 'आटपाट नगर होते' याप्रमाणे त्या कथांच्या प्रारंभी 'एक होते म्हणे, एक नव्हते म्हणे' अशा अर्थाचे ठरलेले शब्द येतात.

५. परंपरेचे स्वरूप

तुर्की लोकांचे पूर्वज मध्य आशियातील गवताळ प्रदेशात घोडे व मेंढ्या पाळणारे भटके लोक होते. मंगोलियातील ओर्होन नदीच्या खोऱ्यात सापडलेले आठव्या शतकातील शिलालेख हा तुर्की भाषेचा महत्त्वाचा प्राचीन पुरावा होय. अकराव्या शतकापासून तुर्की टोळ्या अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात स्थिरावू लागल्या. तोपर्यंत त्यांच्यापैकी अनेकांनी इस्लामचा स्वीकार केला होता. अनातोलियात ग्रीक, आर्मेनियन, कुर्द असे समाज आधीपासून राहत होते. त्यामुळे तुर्की संस्कृती म्हणजे गवताळ प्रदेशाच्या आठवणी, इस्लामी आचार, फारसी दरबारी संस्कार आणि अनातोलियाची स्थानिक परंपरा यांचा मिलाफ आहे.

५.१ लोकभाषेतील भक्तिकाव्य

तेराव्या शतकात कोन्या येथे मौलाना रूमी यांनी फारसीत काव्यरचना केली. त्यांचा मृत्यू १२७३ मध्ये झाला. त्यानंतरच्या पिढीत युनुस एमरे या कवीने सामान्य जनांच्या तुर्कीत ईश्वरप्रेमाची गीते रचली. विद्वानांची भाषा फारसी व अरबी असताना त्याने बोलभाषा निवडली. हाच काळ आपल्याकडे ज्ञानेश्वरीचा आहे. परंपरेनुसार ज्ञानेश्वरीची रचना १२९० मध्ये झाली आणि १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदी येथे समाधी घेतली. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांना अनातोलियातील युनुसची वार्ता असण्याचे कारण नव्हते. यात प्रभाव शोधू नये. श्रेष्ठ मानलेल्या भाषेपासून दूर असलेल्या लोकांना धर्मविचार आपल्या भाषेत हवा असतो, ही समान गरज मात्र लक्षात घ्यावी.

५.२ लोककला व लोकजीवन

तंबोऱ्यासारखे लांब मानेचे 'साझ' वाद्य घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गायक-कवींना तुर्कीत 'आशिक' म्हणतात. 'कारागोझ' हा सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ प्रसिद्ध असून त्यात अडाणी पण हजरजबाबी कारागोझ आणि पढिक हाजिवात यांची जुगलबंदी असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जतन केलेल्या चामडी बाहुल्यांच्या खेळाशी याची तुलना करता येईल. नसरुद्दीन होजा याच्या विनोदी कथा तर आपल्याकडे 'मुल्ला नसरुद्दीन' या नावाने परिचित आहेतच.

कुस्ती हा तुर्की लोकांचा जिव्हाळ्याचा खेळ आहे. एदिर्ने येथील 'किर्कपिनार' स्पर्धेत पैलवान अंगाला तेल चोपडून हिरवळीवर लढतात. आपल्याकडे लाल मातीमुळे पकड घट्ट होते, तेथे तेलामुळे ती निसटते. म्हणून दोन्हीकडील डावपेच भिन्न आहेत.

विवाहापूर्वी वधूच्या हाताला मेंदी लावण्याची रात्र तेथेही असते. दृष्ट लागू नये म्हणून निळ्या काचेचा डोळा दारावर किंवा बाळाच्या कपड्यावर लावतात. आपल्याकडील काजळाच्या तिटेमागील भावना याहून निराळी नाही. पाहुण्याला कॉफी देणे हा आदरातिथ्याचा भाग असला, तरी रोजच्या जीवनात चहाचे प्रस्थ अधिक आहे. हा चहा बिनदुधाचा असून मधोमध निमुळत्या छोट्या काचेच्या पेल्यातून दिला जातो.

६. आधुनिकतेचा आरंभ : १९२३ नंतरचे बदल

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर उस्मानी साम्राज्य कोसळले. मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑक्टोबर १९२३ रोजी तुर्की प्रजासत्ताकाची घोषणा झाली. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत रद्द करण्यात आली. भारतात ज्या खिलाफतीसाठी चळवळ उभी राहिली होती, ती तुर्कांनी स्वतःच मोडीत काढली. शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशेहवार हिचा विवाह १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या पुत्राशी झाला. मराठवाडा त्या वेळी याच निजामाच्या राज्यात होता.

पुढील दशकात बदलांची मालिका सुरू झाली. १९२५ मध्ये फेझ टोपीवर बंदी आली, १९२६ मध्ये नवी नागरी संहिता आली, १९३४ मध्ये प्रत्येकाने आडनाव घ्यावे असा कायदा झाला आणि त्याच वर्षी स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार मिळाला. या सर्वांत भाषेच्या विद्यार्थ्यासाठी सर्वाधिक महत्त्वाचा बदल लिपीचा होय.

६.१ लिपीचा बदल

उस्मानी काळात तुर्की अरबी लिपीत लिहिली जाई. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत स्वरचिन्हे अपुरी आहेत. त्यामुळे वाचन कठीण होते. १९२७ च्या जनगणनेत सुमारे दहा टक्के लोकच साक्षर आढळले. १ नोव्हेंबर १९२८ रोजी रोमन अक्षरांवर आधारित २९ अक्षरांची नवी वर्णमाला कायद्याने स्वीकारली गेली. १ जानेवारी १९२९ पासून पुस्तके नव्या लिपीत छापणे सक्तीचे झाले. प्रौढांसाठी देशभर वर्ग उघडले गेले. नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून अक्षरे गिरवणारे हे प्रौढ विद्यार्थी आपल्याला परके वाटू नयेत. १९३५ पर्यंत साक्षरता सुमारे दुप्पट झाली.

६.२ शब्दांचा बदल

१९३२ मध्ये तुर्की भाषा मंडळाची स्थापना झाली. अरबी-फारसी शब्द काढून त्यांच्या जागी मूळ तुर्की किंवा नव्याने घडवलेले शब्द आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. शाळेसाठीचा 'मेक्तेप' जाऊन 'ओकुल' आला, विमानासाठीचा 'तय्यारे' जाऊन 'उचाक' आला. काही ठिकाणी मात्र जुने-नवे दोन्ही शब्द टिकले. जीवनासाठी 'हायात' आणि 'याशाम' हे दोन्ही आज चालतात.

याची किंमतही मोठी होती. लिपी आणि शब्दसंग्रह हे दोन्ही एकाच पिढीत बदलल्यामुळे नातवाला आजोबांची पत्रे व घराण्याच्या कबरीवरील लेख वाचता येईनासे झाले. खुद्द मुस्तफा कमाल यांनी १९२७ मध्ये केलेले प्रदीर्घ भाषण पुढील पिढ्यांसाठी सोप्या आधुनिक तुर्कीत पुन्हा मांडावे लागले. तसेच 'एक राष्ट्र, एक भाषा' या आग्रहापोटी कुर्द भाषकांच्या भाषेवर अनेक दशके निर्बंध राहिले.

७. मराठीतील समांतर अनुभव

मराठीतही शब्दशुद्धीचे प्रयत्न झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. डबीरास सुमंत, सुरनिसास सचिव अशी संस्कृत नावे मिळाली. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द त्यांच्यामुळे रूढ झाले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या कारभारात हे शब्द सहज वापरले जातात. दुसऱ्या बाजूस माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये 'फारशी-मराठी कोश' सिद्ध केला आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. फारसीचा व्यासंग आणि स्वभाषेची निगा ही दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती.

फरक असा की, मराठीत हे कार्य कोश, लेख आणि वाद यांच्या मार्गाने झाले. सक्तीचा कायदा नव्हता. परिणामी 'दिनांक' आला, तरी 'तारीख' गेली नाही. 'हिशेब', 'कागद', 'तोफ' हे शब्दही राहिले.

लिपीच्या बाबतीत मात्र आपलाही दुवा निखळला आहे. शिवकाळातील व पेशवाईतील कारभार मोडी लिपीत चालत असे. छपाईने बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी रूढ केली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा व कचेऱ्यांतून मागे पडली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद वाचण्यासाठी आज मोडीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. जमिनीच्या जुन्या नोंदी, खरेदीखते, कुळाचे दाखले अनेक घरांत मोडीत आहेत. ते घरातील कोणालाही वाचता येत नाहीत, ही गोष्ट जमिनीचे व्यवहार होत असलेल्या चाकण-खेड परिसरात केवळ सांस्कृतिक राहत नाही. तरीही ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा आपल्याला छापील देवनागरीत अखंड उपलब्ध राहिली. तुर्की वाचकाच्या वाट्याला आलेला तुटलेपणा आपल्याकडे कागदपत्रांपुरता राहिला, साहित्यापर्यंत पोहोचला नाही.

८. स्थलांतर आणि समकालीन संस्कृती

१९५० नंतर तुर्कस्तानातील खेड्यांतून लोक इस्तंबूल व अंकारा येथे येऊ लागले. शहराच्या कडेला त्यांनी घाईने उभारलेल्या घरांना 'गेजेकोंदू' म्हणतात. शब्दशः अर्थ 'रात्रीत वसलेले'. १९६१ मध्ये जर्मनीशी झालेल्या करारानुसार हजारो कामगार तिकडील कारखान्यांत गेले. अशा माणसाला गावाकडे 'आलमानजी' म्हणजे 'जर्मनीवाला' हे नाव पडले. येथेही तोच '-जी' प्रत्यय आहे. सुट्टीत भेटवस्तू घेऊन येणारा, गावात थोडा परका आणि परदेशातही परकाच, असा हा माणूस. कोकणातील 'चाकरमानी' या शब्दातही आदर आणि अंतर असे दोन्ही भाव आहेत.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाल्यानंतर या परिसराचीही घडण बाहेरून आलेल्या कामगारांनी केली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून आलेल्यांच्या बोली एकाच कारखान्यात ऐकू येतात. अलीकडे व्यापाराने या दोन प्रदेशांत थेट नातेही जोडले आहे. चाकण येथे कारखाना असलेल्या महिंद्रा कंपनीने २०१७ मध्ये 'एरकुंत' ही तुर्की ट्रॅक्टर कंपनी विकत घेतली.

आधुनिक तुर्की साहित्यात या बदलांचे पडसाद उमटले आहेत. यशार कमाल यांच्या १९५५ च्या 'इन्जे मेमेद' या कादंबरीत जमीनदाराविरुद्ध बंड करणाऱ्या खेडूत तरुणाची कथा आहे. ओरहान पामुक यांना २००६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुने आणि नवे, पूर्व आणि पश्चिम यांतील ताण हा त्यांच्या लेखनाचा एक प्रमुख विषय आहे.

९. सारांश

मराठीतील 'तुर्क' हा शब्द दीर्घकाळ धर्मवाचक राहिला. त्यामागील तुर्की समाज भाषा, काव्य, खेळ व लोकरीती यांनी समृद्ध आहे. विसाव्या शतकात त्या समाजाने लिपी व शब्द बदलून साक्षरता मिळवली, परंतु भूतकाळाच्या लेखनाशी असलेला संबंध गमावला. मराठीने संथ मार्ग स्वीकारल्यामुळे जुने व नवे शब्द शेजारी नांदले, मात्र मोडीचे ज्ञान आटले. लिपीचा बदल कोणाला वाचते करतो आणि कोणाच्या हातातील कागद मुका करतो, असे दोन्ही प्रश्न विचारूनच अशा निर्णयांचे मूल्यमापन केले पाहिजे.

१०. स्वयं-अध्ययन प्रश्न

अ. एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'आफाकी' म्हणजे कोण?
२. 'गेल्दी' आणि 'गेल्मिश' या रूपांत कोणता फरक आहे?
३. तुर्कीची नवी वर्णमाला कायद्याने केव्हा स्वीकारली गेली?

उत्तरे : १. बहमनी दरबारात नव्याने आलेले इराणी, अरब, तुर्क इत्यादी परदेशी सरदार व सैनिक. २. पहिले पाहिलेल्या, दुसरे ऐकीव घटनेसाठी वापरतात. ३. १ नोव्हेंबर १९२८ रोजी.

आ. दीर्घोत्तरी प्रश्न
१. तुर्कस्तानातील भाषासुधारणा आणि मराठीतील भाषाशुद्धी यांतील साम्यभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. लोकभाषेतील भक्तिकाव्याची गरज युनुस एमरे व ज्ञानेश्वर यांच्या आधारे विशद करा.

इ. क्षेत्रीय कार्य
१. आपण काम करता तेथे आठवडाभर ऐकू येणाऱ्या पन्नास शब्दांची नोंद करा. ते मराठी, हिंदी, इंग्रजी, अरबी-फारसी वा तुर्की यांपैकी कोठून आले, याचा कोशाच्या आधारे शोध घ्या. त्यांपैकी कोणत्या शब्दांना मराठी पर्याय असूनही ते वापरले जात नाहीत आणि का, यावर एक पान लिहा.
२. आपल्या किंवा शेजारच्या घरात मोडी कागदपत्र असल्यास त्याची छायाप्रत घेऊन जाणकाराकडून त्याचे वाचन करून घ्या व त्याचे देवनागरी लिप्यंतर वहीत उतरवा.